चाळणीवरची भरड

पहिला फोन दळायची वेळ आली तेव्हा वृषाली मगदूमला काळजी होती ती मिक्सरच्या भांड्याची. फोनचं काय, तो अण्णांचा होता. भांडं मात्र तिच्या हातातलं होतं, आणि हातातल्या भांड्यात बाईचा जीव अडकतो ही गोष्ट कारखाना चालवणाऱ्या पुरुषांच्या कधी ध्यानात येत नाही.

अण्णा म्हणजे बाळगोंडा पाटील, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'पद्मा मिक्सर'चे मालक. वृषाली त्यांच्याकडे प्रात्यक्षिकं करायची. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, जिथे म्हणून घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरेल तिथे तिचं टेबल लागायचं आणि ती हळकुंडं दळून दाखवायची. हळकुंड म्हणजे काय चीज आहे हे सांगलीच्या माणसाला सांगायला नको. नावाजलेल्या मिक्सरची पातीही त्याच्यापुढे हात टेकतात. वृषाली मूठभर हळकुंडं टाकायची, मिक्सर फिरवायची, आलेली पूड पांढऱ्या मलमलीतून गाळायची आणि ती वस्त्रगाळ हळद समोरच्या बाईच्या तळहातावर ठेवायची. बाई ती बोटानं चोळून बघायची. मग नवऱ्याकडे बघायची. तिथून पुढे वृषालीला काही बोलावं लागत नसे.

पुढे प्रदर्शनांना माणसं येईनाशी झाली. सगळी खरेदी घरबसल्या. तेव्हा अण्णांनी प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ काढायचं ठरवलं, आणि पहिल्याच दिवशी चित्रीकरणात अण्णांचा नवाकोरा फोन सात वेळा वाजला. सातव्यांदा वाजल्यावर त्यांनी मागचं झाकण उघडून बॅटरी काढली (तेवढी अक्कल शाबूत होती) आणि उरलेला फोन वृषालीपुढे आपटला.

"घाल हे त्यात. बघू काय होतंय."

"अण्णा, पाती जातील की हो."

"जाऊ देत. घाल."

पाती गेली नाहीत. कॅमेरा चालूच राहिला होता. फोनची राखाडी पूड झाली. वृषालीनं ती सवयीनं मलमलीतून गाळली, चिमूटभर स्वतःच्या तळहातावर घेतली आणि बोटानं चोळून म्हणाली, "वस्त्रगाळ झालं. विषय संपला." तीन दिवसांत साठ लाख लोकांनी ते पाहिलं. हळकुंडांना इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका फोननं केलं. 'विषय संपला' ही मालिका तिथून सुरू झाली, आणि सांगलीच्या भाजी मंडईत अनोळखी बायका वृषालीला थांबवून फोटो काढून घेऊ लागल्या.

आता त्या फोनांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

त्या सुमारास आलेल्या फोनांमध्ये माहिती साठवायला वेगळी चकती नसे. फोनचं अख्खं अंगच माहिती साठवायचं. ते अंग भट्टीत भाजलेल्या एका स्फटिकमय मातीचं असे, आणि आत ठेवलेलं सगळं, फोटो, आवाज, पत्रं, त्या मातीच्या कणाकणात पसरलेलं असे. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत अख्ख्या शरीराचा आराखडा असतो, तसंच हे. फोन फुटला तरी त्याच्या प्रत्येक तुकड्यात सगळंच असायचं, फक्त फिकट. बरेच तुकडे एकत्र वाचले की ते ठळक होई. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा राहिला तरी तुमचं काही हरवणार नाही, असं कंपन्या छातीठोकपणे सांगत. दाण्याच्या खाली काय होतं याबद्दल कोणी बोलत नव्हतं, कारण तोवर कोणी फोन दाण्याच्या खाली नेलाच नव्हता.

या फोनांना आणखी दोन खोडी होत्या. एक म्हणजे, मालकाचा जिवंत आवाज ऐकल्याशिवाय त्यातला एक कणही उघडत नसे. दुसरी खोड कंपन्यांच्या संशयी स्वभावातून आलेली. 'आपोआप फुटला' असं सांगून लोक नवा फोन बदलून मागत, म्हणून फुटण्याच्या आधीच्या दहा मिनिटांत आजूबाजूला जे काही बोललं गेलं ते फोन आपणहून नोंदवून ठेवी. बॅटरी काढली तरी ही नोंद ठेवण्यापुरती धुगधुगी त्याच्या अंगात असे. ही गोष्ट वापराच्या सूचनांमध्ये एकशे बाराव्या पानावर लिहिलेली होती, म्हणजे कोणालाच माहीत नव्हती.

वृषालीला एकच मुलगी, आर्जवी. नवरा सुकुमार कुपवाडच्याच सूतगिरणीत होता. सज्जन माणूस, या गोष्टीत त्याचं फारसं काम नाही. मालिकेचा चोविसावा भाग झाला तेव्हा आर्जवी पंधरा वर्षांची होती, आणि शाळा सुटल्यावर मिरजेला जाऊन बसण्याचं तिला वेड लागलं होतं. मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत दस्तगीरचाचा म्हणून एक वृद्ध कारागीर होते. त्यांची ख्याती जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा ज्या हस्तिदंती किंवा हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं घासून घासून असा काही उतार द्यायचा, की तार छेडल्यावर आवाज गुंजत उघडतो. कानशीचा एक हात कमी पडला तर आवाज बंद, एक जास्त झाला तर कर्कश. मापाची पट्टी तिथे चालत नाही, सगळा कानाचा कारभार.

चाचांना मुलगा नव्हता, शिष्य टिकले नव्हते. ही पोरगी मात्र रोज येऊन बसायची, म्हणून त्यांनी तिला परवानगी दिली: मी घासतो ते फोनमध्ये भरून घे. अट एकच, हे हवेत सोडायचं नाही. चाचांच्या भाषेत हवेत सोडायचं म्हणजे इंटरनेटवर ठेवायचं. घराण्याची विद्या तुझ्या फोनमध्ये राहू दे, दुसरीकडे नको. दोन वर्षांत आर्जवीकडे अशी साडेतीनशे ध्वनिमुद्रणं जमली होती. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

घरी यातलं कोणाला फार माहीत नव्हतं. मुलगी फोन कानाला लावून बसते एवढंच आईला दिसायचं. पंधरा वर्षांची मुलगी फोन कानाला लावून बसली की आईच्या मनात काय येतं ते वेगळं सांगायला नको. त्यातच अण्णांना पंचविसाव्या भागासाठी काहीतरी जोरदार हवं होतं.

"खऱ्या आईनं खऱ्या पोरीचा फोन दळायचा," अण्णा म्हणाले. "घराघरात बघतील बघ. पोरीला आपण नवा घेऊन देऊ, भारीतला."

'बघू' म्हणून वृषाली घरी आली. दुसऱ्या दिवशी आर्जवी अंघोळीला गेली असताना तिनं फोन उघडाच सापडला म्हणून हातात घेतला आणि ऐकला. हाताला येईल ते एक मुद्रण, दोन, असं करत सातवं. सातवं अर्ध्यावर बंद केलं. त्याच संध्याकाळी तिनं अण्णांना हो म्हणून सांगितलं, आणि दोन दिवसांनी, शुक्रवारी, फोन दळला.

तो भाग चार कोटी लोकांनी पाहिला. आर्जवीनं तो शाळेत मैत्रिणीच्या फोनवर पाहिला. घरी आल्यावर ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "आत काय होतं ते ऐकलं होतंस?"

"नाही गं," वृषाली म्हणाली. "मला वाटलं मैत्रिणींच्या गप्पा असतील. मला काय माहीत?"

"बरं," आर्जवी म्हणाली.

चार महिन्यांनी दस्तगीरचाचा गेले. आर्जवीनं मिरजेला जाणं आधीच सोडलं होतं. कोणत्या तोंडानं जायचं, असं ती एकदा वडिलांना म्हणाली होती. बारावीनंतर ती पुण्याला गेली, कमी ऐकू येणाऱ्यांना कानातली यंत्रं बसवून देण्याचं शिक्षण घेतलं आणि तिथेच एका दवाखान्यात लागली. दिवाळीला घरी यायची, पर्युषणात एक दिवस यायची. फोन उचलायची, प्रकृतीची चौकशी करायची. भांडण असं कधी झालंच नाही. आई काहीही बोलली तरी मुलगी 'बरं' म्हणायची, आणि नऊ वर्षं असं 'बरं' ऐकून वृषालीला भांडणाऱ्या मुलींच्या आयांचा हेवा वाटू लागला होता.

इकडे मालिका वाढत गेली. लोक स्वतःचे फोन घेऊन कुपवाडला येऊ लागले. कोणाचं लग्न मोडलेलं, कोणाची भागीदारी फुटलेली, कोणाला नुसतंच सगळं मागं टाकायचं होतं. कॅमेऱ्यासमोर वृषाली फोन दळायची, पूड गाळायची, छोट्या बाटलीत भरून मालकाच्या हातात द्यायची. काही बाटल्या प्रेक्षकांना बक्षीस म्हणूनही गेल्या. आर्जवीच्या फोनची बाटली अशीच तिकडे वर्ध्याच्या बाजूला कोणाला तरी गेली होती. एकूण अकराशे चाळीस फोन झाले.

मग कणवाचक आला.

कुठल्याशा प्रयोगशाळेत एक यंत्र तयार झालं. प्रकाशाची अतिशय बारीक सुई पुडीतल्या एकेका कणावर टेकवून ते त्यातली फिकट नक्षी वाचायचं आणि लाखो कणांची बेरीज करून मूळ माहिती उभी करायचं. कणाची जाडी वीस मायक्रॉनच्या खाली गेली तरच नक्षी मरते, असं त्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. मलमलीच्या विणीतून जाणारा कण साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो. म्हणजे वस्त्रगाळ झालं तरी विषय संपलेला नव्हता. वर्षभरात फोन दुरुस्तीच्या दुकानांमध्येही कणवाचक दिसायला लागले.

हे इथवर अण्णांनी निभावून नेलं असतं. कण मालकाच्या आवाजाशिवाय उघडत नाही, मग भ्यायचं कशाला, असं ते सगळ्यांना सांगत होते. पण इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी हौसेनं आपली बाटली तपासून घेतली. यंत्रानं दाखवलं, या पुडीत सतरा मालकांचे कण आहेत. फोन एक आणि मालक सतरा, ही बातमी दोन दिवसांत गाजली.

अण्णांनी वृषालीला बोलावलं. "सतरा कुठनं आले गं?"

"भरडीतनं आले असतील."

"कसली भरड?"

"चाळणीवर राहती ती हो. गाळून झाल्यावर वर जाडं राहतंय की नाही? ते मी डब्यात ठेवती. पुढच्या घाण्यात घालती."

"फोनची भरड? दुसऱ्याच्या फोनात?"

"मग टाकून द्यायची व्हय?" वृषाली म्हणाली. तिच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. हळद असो, शिकेकाई असो, चटणी असो, चाळणीवरची भरड पुढच्या दळणात घालायची असते. तिच्या आईनं घातली, आजीनं घातली. टाकून द्यायची असते हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि अकराशे चाळीस फोन दळताना बघणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. पण ते हार मानणाऱ्यांतले नव्हते. आठवड्याभरात त्यांनी घोषणा केली: 'पद्मा'चा नवा मिक्सर वीस मायक्रॉनच्या खाली दळतो. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, सगळ्यांच्या देखत, लोकांनी परत केलेल्या बाटल्या आणि भरडीचा तो डबा वृषालीताईंच्या हस्ते त्यात दळला जाईल. सगळ्यांचं गुपित कायमचं माती होईल. लोकांना ते पटलं. अण्णांना पुन्हा मालिका मिळाली. सगळ्यांचं भलं होत होतं.

भरडीचा डबा वृषालीच्या कपाटात होता. सोमवारी तिनं तो काढून उघडला.

हळदीत काही खडे असतात, ते कितीही घाण्यांत घातले तरी दळत नाहीत. उडी मारून पात्याच्या वरच राहतात. फोनचंही तसंच होतं. कडेच्या पट्टीचे बारीक, काळसर कण, राळ्याच्या दाण्याएवढे, वर्षानुवर्षं घाण्याघाण्यातून फिरत डब्याच्या तळाशी राहिले होते. पंचविसाव्या भागापासूनचेही त्यात असणार. वृषालीनं डबा मिटला. मग उघडला. पुन्हा मिटला.

तिच्यापुढे काय होतं ते तिला स्वच्छ दिसत होतं. रविवारी दहाला तिनं बटण दाबलं की चाचांचं जे काही उरलं होतं ते जाणार होतं, आणि त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट जाणार होती. एकशे बाराव्या पानाबद्दल आता सगळे वर्तमानपत्रांतून बोलत होते. दळायच्या आधीची दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत अण्णांनी तिला विचारलं होतं, आत काही महत्त्वाचं नाही ना? आणि ती काय म्हणाली होती ते तिला आठवत होतं. कण वाचले तर आर्जवीला चाचा परत मिळणार होते. पण त्यांच्याआधी तिला आई ऐकू येणार होती, कारण कणाचा बाहेरचा थर सगळ्यात नवा, आणि यंत्र बाहेरून आत वाचत जातं. मुलीच्या आवाजाशिवाय कण उघडत नसल्यानं आधी एकटीनं ऐकून त्यातलं तेवढंच पुसायची सोय नव्हती. हा विचार तिच्या मनात येऊन गेला होता हेही सांगून टाकलेलं बरं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी दुपारी तिनं फोन लावला.

"आर्जवी, शनिवारी येशील का?"

"शनिवारी? दवाखाना असतो. काय झालं?"

"तुझ्या फोनचे कण आहेत माझ्याकडं. त्या जुन्या. अजून वाचता येतील म्हणतात. रविवारी ते सगळं दळायचं आहे."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"किती आहेत?" आर्जवीनं विचारलं, औषधाचा डोस विचारावा तशा सुरात.

"सगळ्यांचे मिळून चमचाभर. तुझे कितीयत ते यंत्रालाच कळेल."

"येते," आर्जवी म्हणाली. नऊ वर्षांत 'बरं' सोडून दुसरा शब्द आला होता, आणि वृषालीनं डबा पुन्हा एकदा उघडून बघितला.

शनिवारी दुपारी दोघी मिरजेतल्या एका फोन दुरुस्तीच्या दुकानात बसल्या होत्या. दुकानदारानं यंत्र लावून दिलं, पोलादी ताटलीत कण ओतले, कशावर दाबायचं ते दाखवलं आणि तो जेवायला निघून गेला. यंत्राच्या पडद्यावर एक ओळ उमटली: मालकानं बोलावं.

आर्जवीनं ओठ उघडले.

"थांब," वृषाली म्हणाली. "त्याच्या आधी मला सांगायचं आहे."

आर्जवी थांबली.

"मला माहीत होतं. आत काय होतं ते. मी ऐकलं होतं."

आर्जवीनं तिच्याकडे पाहिलं. दवाखान्यात ती रोज माणसांना विचारते तसंच तिनं विचारलं. "कधी?"

"दोन दिवस आधी. तू अंघोळीला गेली होतीस."

"किती ऐकलीस?"

"सात. सातवं अर्धं."

"चाचांचा आवाज ऐकलास?"

"ऐकला. तुला बेटा म्हणायचे ते." वृषालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, ते सोडलं. "तिथं तू हसत होतीस. घरी तशी हसत नव्हतीस. मला राग आला. आणि सातव्यात तू माझ्याबद्दल बोललीस. 'आईला यातलं काय कळणार. तिला फक्त दळता येतं.' असं म्हणालीस. तिथं मी बंद केलं. मग मी दळला."

"मी असं म्हणाले?"

"म्हणालीस."

"मला आठवत नाही," आर्जवी म्हणाली.

वृषालीला ते वाक्य नऊ वर्षं पाठ होतं, स्वरासकट, मधल्या विसाव्यासकट. ज्या पोरीनं ते उच्चारलं तिच्याकडे त्याचा मागमूस नव्हता. हे असं असेल हे वृषालीच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला अचानक फार दमल्यासारखं झालं.

आर्जवी यंत्राकडे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आर्जवी सुकुमार मगदूम."

ताटलीतले थोडेसे कण आतून उजळले. बाकीचे तसेच काळे राहिले. पडद्यावर यादी सरकू लागली. बरीच नावं करडी होती, म्हणजे कण कमी पडल्यानं फाटलेली. पण दोनशेच्या वर शाबूत होती. सगळ्यात वर शेवटची दहा मिनिटं. आर्जवीनं ती लावली.

भांड्यांची आदळआपट, दिव्यांच्या वायरी ओढल्याचा आवाज. मग अण्णा: "आत काय महत्त्वाचं नाही न्हवं? नंतर बोंब नको." आणि नऊ वर्षांपूर्वीची वृषाली, चांगली ठणठणीत: "ऐकलंय मी. नुसती खरखर आहे. चार दिवस रडंल, विसरंल. लावा कॅमेरा."

आर्जवीनं ते शेवटपर्यंत चालू दिलं. पात्यांचा पहिला आवाज आला आणि मुद्रण संपलं. ती यादी खाली सरकवत गेली. "सातवं म्हणजे कोणतं?"

"श्रावणातलं. बाहेर पाऊस वाजतोय त्यात."

ते शाबूत निघालं. कौलांवर पाऊस, त्याच्या अलीकडे कानशीचा सावकाश आवाज, अधूनमधून छेडलेली तार. मग पंधरा वर्षांची आर्जवी. तिचं हसणं ऐकून मोठी आर्जवी खुर्चीत जराशी मागे सरली.

"घरी सांगितलंस का बेटा, काय शिकतीस ते?" दस्तगीरचाचांचा घोगरा आवाज.

"आईला यातलं काय कळणार. तिला फक्त दळता येतं."

"इथं," वृषाली म्हणाली. "इथं मी बंद केलं."

यंत्र काही बंद झालं नाही. कानस दोनदा चालली.

"दळताना ती बघती का ऐकती?" चाचांनी विचारलं.

"ऐकते," मुलगी जराशी थांबून म्हणाली. "झाकण न उघडता सांगते, आता बारीक झालं म्हणून. कधी चुकत नाही. मी तपासून बघितलंय कितीदा."

"मग तिला कळंल. ज्याला ते ऐकू येतं त्याला हे येतं. माझे चार शिष्य गेले, एकालाही नव्हतं येत. घेऊन ये तिला एकदा."

"आणते. एखाद्या रविवारी सुट्टी असते तिला. या रविवारी आणते."

तार वाजली आणि मुद्रण संपलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे होते. जिथे वृषालीनं नऊ वर्षांपूर्वी बोट ठेवलं होतं तिथून शेवटपर्यंत चौतीस सेकंद.

ते मुद्रण त्याच वर्षीच्या श्रावणातलं होतं. फोन दळला तो मार्गशीर्षात. मधल्या कितीतरी रविवारी काय झालं असेल ते दोघींनाही आठवत होतं. प्रदर्शनं नव्हती, पण चित्रीकरणं होती, आणि ती बहुतेक रविवारीच असायची. आर्जवी दोनदा 'आई, मिरजेला येतेस का' म्हणून विचारायला आली होती. वृषालीनं कशाला ते विचारलंही नव्हतं. आज नको, म्हणाली होती.

"तू विचारलं होतंस," वृषाली म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "दोनदा विचारलं होतंस."

"हो."

"मी आले नाही."

"नाही आलीस," आर्जवी म्हणाली. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. जे झालं होतं ते ती सांगत होती.

दुकानाबाहेर एक रिक्षा थांबली, माणूस उतरला, रिक्षा गेली. आर्जवीनं यादीतलं दुसरं एक मुद्रण निवडलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, स्वतःची खुर्ची बाजूला ओढली आणि आईची खुर्ची यंत्राच्या अगदी समोर आणली.

"यात ते बोलत नाहीत," ती म्हणाली. "नुसतं घासणं आहे. पंधरा मिनिटं. कुठेतरी मध्येच आवाज उघडतो. उघडला की हात वर कर."

"मला नाही जमायचं आता."

"कर."

वृषालीनं डोळे मिटले. कानस चालली, तार छेडली गेली. पुन्हा कानस, पुन्हा तार. सुरुवातीला तिला पूर्वीसारखीच खरखर ऐकू आली. हळूहळू कानशीचा एकेक हात वेगळा ऐकू येऊ लागला. हा जाडसर, हा त्याहून मऊ, हा कडेला गेला. तारेचा आवाज बंद पेटीतून यावा तसा येत होता. किती वेळ गेला तिला कळलं नाही. एकदा तार वाजली आणि आवाज खोलीभर पसरला, संपेचना. वृषालीनं हात वर केला.

आर्जवीनं मुद्रण थांबवलं. कोपऱ्यातला आकडा बघितला.

"एक हात आधी उघडला होता," ती म्हणाली, आणि तेच पुन्हा पहिल्यापासून लावलं.